विमलमावशीचा नंबर चालू आहे

विमलमावशी, फोन चालू आहे.

हे सगळ्यात आधी सांगते, कारण तू असतीस तर ‘कशी आहेस’ विचारायच्या आधी हेच विचारलं असतंस. नंबर तोच आहे, एरिया कोडपासून शेवटच्या आकड्यापर्यंत. फक्त आता तो प्लेनोत तुझ्या घरी वाजत नाही, शेजारच्या फ्रिस्कोत माझ्या स्वयंपाकघरात वाजतो. तुझा भिंतीवरचा पिवळट फोनही मी आणलाय. त्याची ती वेटोळ्यांची वायर तू ओढून ओढून ओट्यापासून मागच्या दारापर्यंत पोहोचवली होतीस. इथे ती नुसती लोंबकळते. माझं स्वयंपाकघर तुझ्यापेक्षा मोठं आहे, पण मला फोन खांद्यात धरून भाकरी थापता येत नाही.

तुला जाऊन सत्तावीस दिवस झाले. लोक विचारतात, कशी गेली, काय झालं होतं. सांगून सांगून मला ते पाठ झालंय आणि इथे ते पुन्हा लिहायचं नाही. तुला ते माहीतच आहे, तू तिथे होतीस. मला तुझ्याशी भांडायचंय. आपली दोन-तीन भांडणं अर्धी राहिली आहेत, आणि एक गोष्ट मी चौदा वर्षं बोलायची टाळली आहे. ती शेवटी सांगेन. तुला माहीत आहे कोणती ती, उगाच मान हलवू नकोस.

तुझा नंबर मला तुझ्याआधी भेटला. नागपूरहून निघताना आईने माझ्या पासपोर्टच्या कव्हरात एक चिठ्ठी सरकवली. “ही विमल. हॉस्टेलात आम्ही एका खोलीत होतो. अमेरिकेत असते. काहीही अडलं तर हिला फोन कर.” मी विचारलं, अमेरिकेत कुठे? आई म्हणाली, “टेक्सास का काहीतरी आहे. तू चाललीस तिथेच.” मी चालले होते पेनसिल्व्हेनियाला. तिथल्या माझ्या स्टेट कॉलेज नावाच्या गावापासून तुझं घर विमानाने अख्खा दिवस खाईल इतकं लांब आहे, हे तिला अजूनही पटलेलं नाही.

पहिल्याच रविवारी मी फोन केला. अपार्टमेंटमध्ये आम्ही चौघी जणी, गावात देशी दुकान एकही नाही, कॅम्पसपासून दोन बस बदलून आणलेली कुठलीशी पिवळी डाळ गॅसवर, आणि ती काही केल्या शिजेना. तू उचललास. “हॅलो, विमल बोलतेय, जय भीम.” मी नाव सांगायच्या आत म्हणालीस, “शकूची पोरगी ना तू? आवाज अगदी तोच आहे. जेवलीस का?” झालं. मी हमसून हमसून रडायला लागले. तू दोन मिनिटं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, “रड, रड. पण आधी गॅस बारीक कर, डाळ लागतेय.” तुला कसं कळलं म्हणून मी चकित. तू म्हणालीस, “झाकण आपटतंय, ऐकू येतं ना मला.” त्या दिवशी तू टेक्सासमध्ये वरण केलंस, मी पेनसिल्व्हेनियात, आणि फोडणी दोघींची एकदम बसली.

मला वाटलं, ही माझी मावशी. पुढे कळलं की या धंद्यात मी एकटी नव्हते. आपल्याकडच्या कुठल्याही घरातलं पोर अमेरिकेला निघालं की आईबाप विहारातल्या वहीतून तुझा नंबर उतरवून घ्यायचे. कुणी न्यू जर्सीला चाललेलं असो की कॅलिफोर्नियाला, अडलं तर विमलमावशी. तू हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त तपासायचीस आणि घरी आल्यावर या पोरांचे फोन घ्यायचीस. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला हॉलमध्ये दरवर्षी कुणीतरी केस पांढरे झालेला इंजिनियर तुझ्या पाया पडायला वाकायचा. “मावशी, मी डॅलसच्या एअरपोर्टवरून तुम्हाला फोन केला होता, बॅग हरवली होती.” तू त्याला वरच्यावर धरायचीस. पाया पडलेलं तुला खपायचं नाही. म्हणायचीस, “बॅग मिळाली का ते सांग.”

आणि फोन ठेवायची तुझी ती रीत. ‘बाय’ हा शब्द तुझ्या तोंडी मी कधी ऐकला नाही. समोरच्याने ‘चला, ठेवतो’ म्हटलं तर तुझा चेहरा पडायचा. त्याने ‘येतो’ म्हणायचं आणि तू म्हणायचीस, “ये. सावकाश ये.” मग तो माणूस सिअॅटलमध्ये का बसलेला असेना.

सांगून निघायचं, हा तुझा एकच कायदा होता, आणि तो मी एकदा मोडून बघितला. पीएचडीचं तिसरं वर्ष. काहीच जमत नव्हतं, गाइड बोलत नव्हते, मला सकाळी उठवत नव्हतं. तू रोज फोन करायचीस. दोन महिने, एकही दिवस न चुकता. “पूर्ण कर गं. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. मी रोज फोन करीन.” मी नाही केलं पूर्ण. एका दुपारी बॅगा भरल्या आणि बस स्टँडवरून तुला कळवलं, मी निघाले. तू विचारलंस, “गाइडना सांगितलंस?” नाही. “घरमालकाला?” नाही. “मग तू निघाली नाहीस, पळालीस. परत जा, सगळ्यांना सांग, आणि मग ये. मी खोली झाडून ठेवते.” मी चिडले, पण परत गेले. गाइडच्या दारात उभं राहून सांगितलं. ते बिचारे उठून उभे राहिले, चांगलं बोलले, आणि पुढे त्यांच्याच पत्रावर मला इथली पहिली नोकरी लागली. या भांडणात तू जिंकलीस हे मी आज लेखी देते.

आता त्या दुपारकडे येते, जिच्याबद्दल आपण कधी बोललो नाही.

मी तुझ्याकडे येऊन आठवडा झाला होता. ओट्यापाशी भेंडी चिरत होते. आईचा फोन आला आणि तू उचललास. तुझ्या त्या फोनमधून पलीकडचा आवाज अर्ध्या खोलीत ऐकू यायचा. आई म्हणाली, “विमल, खरं सांग. तूच तिला शिक्षण सोडायला लावलंस ना?” तू माझ्याकडे बघितलंस. मी भेंडीकडे बघितलं. तू म्हणालीस, “हो. मीच म्हटलं, ये.” मग आई जे बोलली ते सगळं मी ऐकलं. आमच्या अख्ख्या घराण्यातली पहिली डॉक्टर झाली असती. तिच्या आजोबांनी शाळेच्या पायरीवर बसून अक्षरं गिरवली होती, वर्गात नाही, पायरीवर. विमल, हे तुला ठाऊक असून तू असं केलंस. आजपासून तुझं-माझं बोलणं संपलं. तू सगळं ऐकून घेतलंस. आईने ‘येते’ म्हटलं नाही, तरी तू ‘सावकाश ये’ म्हणालीस आणि फोन ठेवलास. आणि मला म्हणालीस, “भेंडी जरा बारीक चिर.”

मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी आज बोलेन, उद्या बोलेन करत राहिले, आणि चौदा वर्षं गेली. त्यात माझं लग्न झालं, माझी लेक मैत्री झाली, ती पाचवीत गेली. आई दोनदा इथे येऊन राहिली, पण तुझ्या घरी आली नाही. आमच्या व्हिडिओ कॉलवर तुझं नाव निघालं की ती चष्मा पुसायला घ्यायची.

दर रविवारी सकाळी आम्ही तुझ्याकडे पोह्यांना यायचो आणि बरोबर आठच्या सुमाराला तुझा फोन वाजायचा. “हॅलो, विमल बोलतेय, जय भीम.” पलीकडे कुणीच बोलायचं नाही. आणि तू फोन ठेवायच्या ऐवजी बोलत सुटायचीस. “इकडे बरं आहे. ऊन फार. गुडघा दुखतो, पण चालते. कालच्या मुगाच्या वड्या चांगल्या वाळल्या. पोरगी आलीय, तिची पोरगी पण आलीय, दात पडलाय तिचा.” मी कपाळाला हात लावायची. “मावशी, स्पॅम आहे यार. ठेव ना. कॉल सेंटरवाल्यांना कशाला गुडघा सांगतेस?” तू म्हणायचीस, “असू दे. ऐकतंय बिचारं कुणीतरी.” मैत्री पोह्यांतून मान वर न काढता म्हणायची, “आजी, यू आर सो वीअर्ड.” आम्ही हसायचो. तू सगळ्यात जास्त हसायचीस.

मग ते पत्र आलं. जुन्या फोन कंपनीचं. तुमच्या भागातली तांब्याच्या तारेवरची सेवा आम्ही बंद करत आहोत. मी खूश झाले. कितीतरी वर्षं तुझ्या मागे लागले होते, काढ तो फोन, मोबाइल आहे ना. तू मोबाइल ब्रेडच्या डब्यात ठेवायचीस. तर मी म्हटलं, आता इंटरनेटवरचा फोन घेऊ. एक छोटा डबा येतो, राउटरला जोडायचा, त्यात तुझाच जुना फोन खुपसायचा.

तू उलटतपासणी सुरू केलीस. लाइट गेली तर? म्हटलं, बॅटरी लावू. इमर्जन्सीला फोन केला तर त्यांना घर कसं कळणार? म्हटलं, पत्ता नोंदवायचा असतो, मी नोंदवते. आवाज नीट येईल का? आत्ता येतो त्याहून नीट. शेवटी तू पोळपाट बाजूला ठेवलास. “आणि नंबर?”

“नंबर नवीन घेतला तर पटकन होतं, मावशी. उद्याच. जुना न्यायचा म्हणजे फॉर्म, बिलाची कॉपी, सही, आणि वर दहा-बारा दिवस.”

“नंबर हाच.”

“अगं, पोरं आता व्हॉट्सअॅपवर असतात. विहारातल्या वहीत नवीन लिहू.”

“पोरांचं नाही. तुझ्या आईला हा नंबर पाठ आहे.”

मला रागच आला. म्हटलं, चौदा वर्षांत तिने तुला एकदा तरी फोन केलाय का? कशासाठी जपतेस?

“न करू दे. पण करावासा वाटला तर लागला पाहिजे.”

मी निमूट फॉर्म भरला.

इथून पुढची चूक कोणाची, हा आपला दुसरा अर्धा राहिलेला वाद. मी तुला बजावलं होतं, आता तू काहीच करायचं नाहीस, नवीन कंपनी जुन्या कंपनीकडून नंबर आपोआप मागून घेते. तू विचारलंस, “मग जुन्यांना कोण सांगणार?” मी लॅपटॉपमधून म्हटलं, कुणी नाही, त्यांचं त्यांना कळतं. मी तुझ्या चेहऱ्याकडे बघायला हवं होतं. इतकी वर्षं त्यांच्या तारेवरून बोललो, आणि न सांगता निघायचं?

गुरुवारी तू त्यांना फोन केलास. ब्रेंडा नावाच्या बाईंनी घेतला. तू सांगितलंस की आम्ही आता निघतोय, इतकी वर्षं तुमची सेवा उत्तम होती, एकदा वादळात खांब पडला तेव्हा तुमचा माणूस पावसात येऊन गेला, त्याला मी चहा दिला होता, त्याचे पुन्हा आभार सांगा. ब्रेंडाला भरून आलं. तिला असा फोन आयुष्यात कुणी केला नसावा. तिने तुला शुभेच्छा दिल्या आणि अत्यंत प्रेमाने, तिथल्या तिथे, तुझी लाइन बंद करून टाकली.

साऱ्या अमेरिकेत ही चूक फक्त तूच करू शकत होतीस.

नंबर चालू असेल तरच तो एका कंपनीकडून दुसरीकडे जातो. बंद पडलेला नंबर नवीन कंपनी घेत नाही, आणि जुनी कंपनी काही दिवसांनी तो भलत्याच कुणाला देऊन टाकते. हे मी तुला समजावलं तेव्हा तू खुर्चीत बसलीस. तू घाबरलेली मी पहिल्यांदा बघितली. मी ओरडले, “तुला काही करू नकोस म्हटलं होतं ना!” तू म्हणालीस, “तू ‘सांगू नकोस’ असं म्हणाली नव्हतीस.” दोघी खऱ्या होतो. म्हणून तो वाद मिटला नाही.

पुढचे अकरा दिवस तू ब्रेंडाला सोडलं नाहीस. मोबाइल ब्रेडच्या डब्यातून बाहेर आला. रोज सकाळी, “हॅलो, विमल बोलतेय, जय भीम.” दुसऱ्या कुणी घेतला तर ब्रेंडा द्या. कुठल्या खात्यात अर्ज अडकला, कुणाची सही राहिली, सगळं तू वहीत लिहायचीस. ब्रेंडाच्या सुनेचं बाळंतपण कधी आहे तेही त्याच पानावर.

आणि त्यातल्या पहिल्याच रविवारी, आम्हाला तुझ्याकडे निघायला उशीर झालेला, तेव्हा सकाळी सव्वाआठला आईचा मला व्हिडिओ कॉल. नागपुरात संध्याकाळ. चष्मा नाही, पदर खांद्यावर नाही, आणि आवाज चढलेला. “त्या विमलचा फोन का लागत नाही? बाई इंग्रजीत म्हणते, नंबर बंद आहे. काय झालं तिला? सांग मला!”

मी म्हटलं, “ती बरी आहे आई. पण तुला कसं कळलं फोन बंद आहे ते?”

आईने फोन उताणा ठेवला. स्क्रीनवर नुसतं छत दिसायला लागलं.

मला उलगडा व्हायला तेवढं छत पुरलं. मी तशीच गाडी काढून तुझ्याकडे आले. तू वड्या घालत होतीस. मी दारातूनच म्हटलं, “मावशी, रविवारचा तो स्पॅम कॉल...”

तू वर बघितलं नाहीस. “तीन वर्षं एका खोलीत झोपलोय आम्ही. शकूचा श्वास मला ओळखू येणार नाही?”

“मग तू कधी विचारलं का नाहीस तिला?”

“विचारलं असतं तर फोन आला नसता.” आणि मग हात थांबवून म्हणालीस, “आज लागला नाही म्हणून घाबरली का गं ती?” मी म्हटलं, खूप. तू मान खाली घातलीस, आणि वड्यांकडे बघून इतकी गोड हसलीस की मला तुझा हेवा वाटला. मी तिची पोटची पोरगी, पण ती माझ्यासाठी पदर न सावरता कधी धावली नव्हती.

अकराव्या दिवशी ब्रेंडाचाच फोन आला. लाइन परत चालू केलीय, आता कृपा करून कुणालाही काहीही सांगू नका, नवीन कंपनीला नंबर घेऊ द्या. आणि फोन ठेवताना ती बाई स्वतःहून म्हणाली, “जय भीम, मिस विमल.” तू म्हणालीस, “कम. कम स्लोली.” तिला काय कळलं कोण जाणे.

त्यानंतरच्या शनिवारी डबा आला, दिवा हिरवा झाला, आणि रविवारी आठ वाजता फोन वाजला. “हॅलो, विमल बोलतेय, जय भीम.” पलीकडे नेहमीसारखं शांत. तू गुडघ्यापासून सुरुवात करणार, तेवढ्यात आईचा आवाज पोह्यांपर्यंत आला. “फोन बंद ठेवत जाऊ नकोस.” खट्. तू आठवडाभर तेवढ्यावर जगलीस. पुढच्या रविवारी, “गुडघ्याला तेल लाव.” खट्. त्याच्या पुढच्या रविवारी दोन वाक्यं. दिवाळीपर्यंत तुम्ही दोघी हॉस्टेलच्या मेसमधल्या आमटीवर अर्धा तास भांडायला लागलात आणि आमचे पोहे गार व्हायला लागले. फक्त एक विषय आई दर वेळी शिल्लक ठेवायची. “बाकी सगळं ठीक, विमल. पण पोरीचं शिक्षण तू मोडलंस, ते मी विसरलेले नाही.” आणि तू म्हणायचीस, “नको विसरू.” माझ्याकडे बघायचीही नाहीस. मी परत भेंडीकडे बघायची, ओट्यावर भेंडी नसली तरी.

मग तो मंगळवार आला.

मला तुझा फार राग आला, मावशी. फोन कंपनीचासुद्धा निरोप घेणारी तू. मला बस स्टँडवरून परत पाठवणारी तू. आणि स्वतः मात्र कुणाला काही न बोलता, सकाळचा चहा अर्धा ठेवून निघालीस. तुझा कायदा तुलाच लागू नव्हता का? हे आपलं तिसरं भांडण, आणि यात मी जिंकलेय. मला जिंकायचं नव्हतं.

तुझं घर आवरताना लोक म्हणाले, फोन आता कशाला, कॅन्सल करून टाक. आईला मी कळवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “नंबर काढू नकोस.” या इंटरनेटच्या फोनचं एक बरं आहे. डबा उचलून दुसऱ्या घरात लावला की नंबर त्याच्याबरोबर येतो. मी डबा फ्रिस्कोला आणला, बॅटरी जोडली, इमर्जन्सीचा पत्ता बदलला. लाइटचा आणि पत्त्याचा, हे दोन्ही प्रश्न तू आधीच विचारून ठेवले होतेस, म्हणून विसरले नाही. कोणालाही निरोपाचा फोन केला नाही. भिंतीत दोन खिळे मारले आणि तुझा फोन टांगला. मैत्रीने हात लावून बघितला. “कॅन वी स्टिल कॉल आजी?” मी म्हटलं, नाही गं. ती म्हणाली, “बट पीपल कॅन कॉल.” मी म्हटलं, हो, लोक करू शकतात.

काल रविवार होता. सकाळी आठ वाजता फोन वाजला.

मी उचलला आणि मला ‘हॅलो’ म्हणता येईना.  पलीकडेही शांत. मग आईने घसा साफ केला.

“विमल,” ती म्हणाली. “इकडे बरं आहे. थंडी गेली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मोठ्या आवाजाचा टीव्ही आणलाय. मी गुडघ्याला तेच तेल लावते. पोरगी नीट आहे. तुझा फोन तिने भिंतीला लावलाय म्हणे. वाकडा लावला असेल.”

मी बघितलं. वाकडाच होता.

“आणि एक राहिलंय बघ. चौदा वर्षं तुला बोल लावला, पोरीचं शिक्षण मोडलंस म्हणून. तो आता तसाच ठेवून...”

“आई,” मी म्हटलं.  “मावशीने नाही मोडलं. ती मला रोज फोन करून सांगत होती, पूर्ण कर. दोन महिने सांगत होती. मीच सोडलं. तू विचारलंस त्या दिवशी मी तिथेच होते, भाजी चिरत. ती माझ्यासाठी खोटं बोलली आणि मी गप्प बसले.”

तारेतून काही ऐकू येईना. आता तार नाहीच म्हणा. मला वाटलं, ती फोन ठेवणार.

“सुजाता,” आई म्हणाली, “मध्ये बोलू नकोस. मी विमलशी बोलतेय.”

मी तोंडावर हात धरला.

“ऐकलंस का गं विमल? बोलली एकदाची. मला काय कळत नव्हतं? परीक्षेच्या दिवशी तोंडावर पाणी मारून मला उठवणारी तू, तू कुणाला शिक्षण सोड म्हणशील होय? पण राग कुणावर धरायचा होता मी? ती एकुलती एक, आणि सातासमुद्रापलीकडे. तिच्यावर धरला असता तर ती गेली असती. तुझ्यावर धरला तर तू कुठे जाणार होतीस.” तिने नाक ओढलं. “तुला कळलं होतं ना ते? म्हणूनच हो म्हणालीस ना तू?”

मैत्री जिन्यात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी तिला हाताने जवळ बोलावलं.

“चल,” आई म्हणाली. “येते मी. जय भीम.”

आणि तिने फोन ठेवला नाही. खट् वाजलं नाही. ती थांबून राहिली. ती कशाची वाट बघत होती ते मला कळलं. मी तुझ्या त्या वेटोळ्यांच्या वायरला घट्ट धरलं, आणि तुझ्या वतीने म्हटलं,

“ये. सावकाश ये.”